एक्सेलचे तक्ते आणि चार्ट वर्डमध्ये नेताना : एकाच फाईलमध्ये दोन आकडे येतात कुठून?



एक्सेलमधला तक्ता वर्डमध्ये कसा न्यायचा ते या वेळच्या व्हिडिओत दाखवलंय. पण व्हिडिओत माऊस भरभर फिरतो, आणि "हेच बटण का, ते का नाही" हे सांगायला वेळ मिळत नाही. ते इथं निवांत लिहितोय. सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो, कारण त्या चुकीमुळेच मी हा विषय नीट शिकलो.

कागल भागातल्या एक ताई कांदा-लसूण चटणीचा घरगुती व्यवसाय वाढवत होत्या. मुद्रा योजनेत तरुण गटातून कर्ज मागायचं होतं. हा गट पाच लाखांच्या वर ते दहा लाखांपर्यंतचा. प्रोजेक्ट रिपोर्ट मी बसवून दिला. हिशोब सगळा एक्सेलमध्ये: मशिनरी ४,२०,०००, फर्निचर आणि वीजजोडणी ८०,०००, खेळतं भांडवल ३,००,०००. एकूण आठ लाख. स्वतःचे १० टक्के म्हणजे ८०,०००, आणि बँकेकडून ७,२०,०००. तक्ता कॉपी केला, वर्डमध्ये पेस्ट केला. खाली स्वतःची रक्कम आणि कर्ज असा दोन उभ्या पट्ट्यांचा चार्ट तसाच कॉपी-पेस्ट केला. फाईल झाली.

चार दिवसांनी मशीनवाल्याचं नवीन कोटेशन आलं. कांडप मशीन आणि पाऊच सीलिंग मशीन धरून ४,८०,०००. मी एक्सेलमध्ये तो एक आकडा बदलला. एकूण आपोआप ८,६०,००० झालं, स्वतःची रक्कम ८६,०००, कर्ज ७,७४,०००. वर्डची फाईल शेजारीच उघडी होती. चार्टकडे बघितलं तर तिथंही ७,७४,००० आलेलं. मनात म्हटलं, वा, सगळं आपोआप बदललं! प्रिंट काढून ताईंच्या हातात दिली.

बँकेत साहेबांनी पान उघडलं. वर तक्त्यात कर्ज ७,२०,०००. त्याच्या खाली चार्टमध्ये ७,७४,०००. आणि अर्जाच्या पहिल्या पानावर मी हाताने टाईप केलेलं ७,२०,०००. साहेब एवढंच म्हणाले, "ताई, यातला खरा आकडा कुठला?" ताईंना उत्तर देता आलं नाही, कारण फाईल त्यांनी बनवलीच नव्हती. हिशोब त्यांना तोंडपाठ होता, मिरची कुठल्या महिन्यात कुठल्या भावाने घ्यायची हे त्या झोपेतही सांगतील. पण त्या क्षणी त्या साहेबांना "दुसऱ्याने लिहून दिलेला कागद घेऊन आलेली बाई" वाटल्या. ते माझ्यामुळे. फाईल परत आली.

कंट्रोल-व्ही एकच, पण वागणं दोन प्रकारचं

यातली गोम अशी. एक्सेलमधले सेल कॉपी करून वर्डमध्ये साधं कंट्रोल-व्ही दाबलं, की तिथं नुसता तक्ता उतरतो. फोटो काढल्यासारखा. एक्सेलमध्ये पुढे काहीही बदला, वर्डमधल्या तक्त्याला त्याचा पत्ता नसतो. पण चार्ट कॉपी करून तेच कंट्रोल-व्ही दाबलं, की वर्ड तो चार्ट एक्सेलच्या फाईलशी जोडून ठेवतो. तिथले आकडे बदलले की चार्ट बदलतो. म्हणजे काहीही न निवडता पेस्ट केलं तर तक्ता गोठलेला आणि चार्ट जिवंत, अशी जोडी एकाच पानावर बसते. मी चार्ट बदललेला बघितला आणि तक्ताही बदलला असणार असं धरून चाललो.

म्हणून पेस्ट करण्याआधी स्वतःला एकच विचारा: हा आकडा अजून बदलणार आहे का? बदलणार असेल तर तक्ता आणि चार्ट दोन्ही जोडलेले हवेत. बदलणार नसेल तर दोन्ही गोठलेले हवेत. एक असं आणि एक तसं ठेवायचं नाही.

पेस्ट केल्याबरोबर खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन येतो, किंवा होम टॅबमध्ये पेस्टखालचा बाण दाबला तर तेच पर्याय दिसतात. तक्त्यासाठी पहिले दोन पर्याय गोठलेले: "कीप सोर्स फॉरमॅटिंग" म्हणजे एक्सेलमधला रंग-फॉन्ट तसाच, आणि "यूज डेस्टिनेशन स्टाईल्स" म्हणजे वर्डच्या फाईलला शोभेल असा. पुढचे दोन तेच, पण नावात "लिंक" आहे. ते जोडलेले. मग "पिक्चर", म्हणजे चित्र, आणि शेवटी नुसता मजकूर. चार्टच्या पर्यायांमध्ये "लिंक डेटा", "एम्बेड वर्कबुक" आणि "पिक्चर" असे शब्द शोधा. माऊस वर नेऊन एक सेकंद थांबलं की नाव दिसतं. घाई करू नका.

आता माझं मत सांगतो. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन-तीनच तक्ते असतील तर लिंकच्या भानगडीत पडू नका. आधी एक्सेल पूर्ण पक्कं करा, सगळी कोटेशन हातात येऊ द्या, मग शेवटी एका बैठकीत सगळं पेस्ट करा, चार्टसुद्धा "पिक्चर" म्हणून. आकडा बदलला तर जुनं पुसून नवीन पेस्ट करा. दहा मिनिटांचं काम आहे. पण पाच वर्षांचा नफा-तोटा, कर्जफेडीचा तक्ता, ब्रेक-इव्हन असं सगळं असेल आणि बँक दोन-तीनदा दुरुस्त्या सांगणार हे माहीत असेल, तर लिंक केलेली बरी.

लिंक करायची तर तीन गोष्टी माहीत पाहिजेत. पहिली, वर्ड लिंकमध्ये एक्सेल फाईलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतो: कुठला ड्राईव्ह, कुठला फोल्डर, काय नाव. फाईलचं नाव बदललं, फोल्डर हलवला, की लिंक तुटली. दुसरी, लिंक ठरावीक ओळी आणि कॉलमची असते. पुढे एक्सेलमध्ये "वजनकाटा" म्हणून एक ओळ वाढवली, तर वर्डमध्ये शेवटची ओळ, म्हणजे नेमकी "एकूण"चीच, बाहेर राहू शकते. ओळ वाढवली की तो तक्ता नव्याने पेस्ट करायचा. तिसरी, वर्डमध्ये बसून तक्त्याची जी सजावट कराल ती लिंक अपडेट झाल्यावर पुसली जाऊ शकते. म्हणून रंग, ठळक अक्षरं, कॉलमची रुंदी हे सगळं एक्सेलमध्येच उरका.

जोडलेला तक्ता ताजा करायचा तर त्यावर क्लिक करून एफ-नाईन. सगळे एकदम करायचे तर कंट्रोल-ए करून एफ-नाईन. चार्टसाठी चार्ट निवडून वरच्या चार्ट डिझाईनमध्ये "रिफ्रेश डेटा".

आणि वाक्यातला आकडा? माझी तिसरी चूक तीच होती, अर्जात हाताने टाईप केलेलं ७,२०,०००. त्यावरही उपाय आहे. एक्सेलमधला तो एकच सेल कॉपी करा, वर्डमध्ये वाक्यात कर्सर ठेवा, कंट्रोल-आल्ट-व्ही दाबून पेस्ट स्पेशल उघडा, "पेस्ट लिंक" निवडा आणि यादीतून "अनफॉरमॅटेड टेक्स्ट" घ्या. आता वाक्यातला आकडाही एक्सेलच्या सेलशी जोडला गेला. हे बऱ्याच अकाउंटवाल्यांनाही माहीत नसतं. कोल्हापुरी भाषेत, विषय हार्ड!

"एम्बेड" शब्द दिसला की थांबा

चार्टच्या पर्यायांतला "एम्बेड वर्कबुक" दिसायला फार सोयीचा. लिंक तुटायची भीती नाही, चार्टवर राईट-क्लिक करून आकडे बदलता येतात. पण यात होतं काय, तर चार्टसोबत तुमची अख्खी एक्सेल फाईल वर्डच्या पोटात जाऊन बसते. नुसता चार्टचा तक्ता नाही, सगळ्या शीट्स. आपण लोक एका एक्सेलमध्ये काय काय ठेवतो ते आठवा: मिरची कुणाकडून किती भावाने घेतली, किलोमागे किती सुटतात, कुणाची किती उधारी. ती वर्ड फाईल तुम्ही व्यापाऱ्याला मेल केली, की त्याने चार्टवर राईट-क्लिक करून "एडिट डेटा" दाबायचं, तुमची खरेदीची किंमत त्याच्या समोर. पुढच्या वेळी भाव करायला तो वेगळ्या तयारीने येणार.

हे घाबरवायला सांगत नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारात विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर म्हणून एक्सेल फाईल दिली आणि ती इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशी गेली. समोर दिसणारा तक्ता साधा होता, कुठल्या हुद्द्यावर किती माणसं. पण त्या फाईलमध्ये एक लपलेली शीट होती. तिच्यात साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दा आणि नेमणुकीचं ठिकाण. जिथं पोलिसांच्या जिवाला धोका असतो अशा भागात! पुढे त्या दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. तिथं वर्ड नव्हतं, एक्सेलच होतं, पण घोटाळा तोच: समोर दिसतं तेवढंच फाईलमध्ये आहे असं समजणं.

माझा नियम साधा आहे. दुकानाबाहेर जाणाऱ्या कुठल्याही फाईलमध्ये एम्बेड नाही. बाहेर पाठवायचं ते चित्र किंवा पीडीएफ. एक्सेलमध्येही रिपोर्टसाठी वेगळी फाईल ठेवा आणि उधारीची वही वेगळ्या फाईलमध्ये.

कॉपी करण्याआधी एक्सेलमध्ये काय उरकायचं

"सर, एक्सेलमध्ये रेघा दिसतात, वर्डमध्ये प्रिंट काढली की गायब" ही तक्रार दर बॅचला येते. एक्सेलमध्ये ज्या फिक्या रेघा दिसतात त्या खऱ्या रेघा नसतातच, त्या फक्त स्क्रीनवरच्या. कॉपी करण्याआधी तक्ता निवडून "ऑल बॉर्डर्स" द्या. कॉलम अरुंद असेल तर आकड्याच्या जागी #### दिसतं, ते आधी रुंद करा, नाहीतर तेच वर्डमध्ये उतरू शकतं. मध्ये काही ओळी लपवल्या असतील तर तक्ता निवडल्यावर आल्ट आणि सेमीकोलन दाबा, मग कॉपी करा. म्हणजे दिसणारेच सेल उचलले जातात.

लाखाचा स्वल्पविराम बघा. बऱ्याच कॉम्प्युटरवर ८६०००० हा आकडा ८६०,००० असा दिसतो. बँकेचा माणूस ८,६०,००० वाचायला सरावलेला आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये "रीजन" उघडून फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) केलं की एक्सेल आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देतं, आणि तक्ता तसाच वर्डमध्ये जातो.

आता एक बारीक पण फार महागात पडणारी गोष्ट. आकडे लाखांत दाखवताना आपण एकच दशांश ठेवतो. समजा तीन खर्च आहेत, २.३४, ३.३४ आणि १.३४ लाख. खरी बेरीज ७.०२, एक्सेल दाखवणार ७.०. पण वरचे तीन आकडे दिसतात २.३, ३.३, १.३. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला की बेरीज ६.९. तुमचा हिशोब बरोबर असूनही चुकीचा ठरला! एक्सेलमध्ये आकडा पोटात पूर्ण असतो आणि वर गोल करून दिसतो. वर्डमध्ये फक्त दिसणाराच जातो, पोटातला मागेच राहतो. यावर "राऊंड" फॉर्म्युला वापरा आणि बेरीज त्या गोल केलेल्या आकड्यांची घ्या. किंवा सरळ पूर्ण रुपयांत दाखवा. छोट्या व्यवसायाला मी तेच सांगतो, रुपयांतच दाखवा.

मग रुंदी. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. वर्डचे नेहमीचे समास सोडले तर लिहायला साधारण १६ सेंटिमीटर राहतात. त्यात बारा महिने, एक नावाचा कॉलम आणि एक एकूणचा, म्हणजे चौदा कॉलम कसे मावणार? लोक मग अक्षर सहा पॉइंटचं करतात. साहेबांनी भिंग घेऊन बसायचं का? त्यापेक्षा तक्ता उभा करा: महिने खाली ओळींत, खरेदी-विक्री-शिल्लक वर कॉलमात. एक्सेलमध्येच पेस्ट स्पेशलमधलं "ट्रान्सपोज" वापरलं की तक्ता आडव्याचा उभा होतो. अगदी आडवाच हवा असेल तर वर्डमध्ये लेआऊट, ब्रेक्स, "नेक्स्ट पेज" असा सेक्शन ब्रेक तक्त्याच्या आधी आणि नंतर घाला, आणि मधलं तेवढंच पान लँडस्केप करा. सेक्शन ब्रेक न घालता लँडस्केप केलं तर सगळी फाईल आडवी होते, हे लक्षात ठेवा.

तक्ता दोन पानांवर जात असेल तर पहिली ओळ निवडून टेबलच्या लेआऊटमध्ये "रिपीट हेडर रोज" दाबा. दुसऱ्या पानावरही कॉलमची नावं येतात. आणि तक्ता समासाबाहेर लोंबत असेल तर "ऑटोफिट विंडो".

मराठी फॉन्टचं एक दुखणं आपल्याकडं खास आहे. डीटीपीवाल्याकडून आलेल्या एक्सेलमध्ये मराठी बहुतेक वेळा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतं. तिथं पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. "यूज डेस्टिनेशन स्टाईल्स" दाबलं की वर्डचा फॉन्ट लागतो आणि "एकूण खर्च"च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असा तक्ता "कीप सोर्स फॉरमॅटिंग"ने घ्या. पण कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये टाईप करणं, मंगल किंवा निर्मला फॉन्ट. मग तो कुठंही न्या, मराठी मराठीच राहतं.

चार्ट किती आणि कुठला

खरं सांगायचं तर माझ्या त्या रिपोर्टमधला चार्ट फुकटचा होता. दोन आकडे तक्त्यात आहेत, त्यांच्या दोन पट्ट्या काढून साहेबांना नवीन काय कळलं? त्या रिपोर्टला चार्ट हवा होता तो वेगळाच. वर्षाची चटणी घरोघरी उन्हाळ्यात होते, मार्च ते मे. संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या बाजारात येते तेव्हा पैसा ओतून ती घ्यावी लागते, आणि विक्रीचा पैसा मागून येतो. महिनावार खरेदी आणि विक्री अशा दोन रेषा काढल्या की तीन लाख खेळतं भांडवल कशाला लागतं ते बघताक्षणी समजतं. दुसऱ्या वेळी आम्ही तोच चार्ट घातला.

चार्ट कॉपी करण्याआधी एक्सेलमध्येच त्याची रुंदी १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. वर्डमध्ये नेऊन ताणला की चित्र पुसट होतं. ताणायचाच असेल तर कोपऱ्यातून धरा, बाजूने धरलं की तो दबतो. पेस्ट झाल्यावर लेआऊटमध्ये "इन लाईन विथ टेक्स्ट" असू द्या, नाहीतर वर दोन ओळी वाढल्या की चार्ट भलत्याच पानावर जाऊन बसतो.

आणि ही फाईल पुढे झेरॉक्स होणार आहे, काळ्या-पांढऱ्यात. स्क्रीनवरचा लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये सारखाच राखाडी दिसतो. म्हणून एक रेष सलग, एक तुटक ठेवा, आणि मोजक्या ठिकाणी आकडे लिहा. मी स्वतः फाईल देण्याआधी एक काळी-पांढरी प्रिंट काढून बघतो.

फाईल बाहेर पडण्याआधी गोठवायची

लिंक केलेली वर्ड फाईल पेनड्राईव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलात, तर तिथं तुमची एक्सेल नसते. उघडताना वर्ड विचारतं, लिंक अपडेट करू का? दुकानदार घाईत "येस" दाबतो, आणि तक्त्याच्या जागी "एरर! नॉट अ व्हॅलिड लिंक" असं ठळक इंग्रजीत येऊन बसतं. वीस पानं प्रिंट झाल्यावर तुमचं लक्ष जातं.

म्हणून घरीच हे करा. सगळ्या लिंक शेवटच्या अपडेट करा. फाईल सेव्ह-ॲज करून दुसऱ्या नावाने जपा, मूळ जोडलेली फाईल तशीच राहू द्या, पुढच्या दुरुस्तीला ती लागणार. मग नव्या फाईलमध्ये फाईल मेनू, इन्फो, आणि उजवीकडे खाली "एडिट लिंक्स टू फाईल्स". सगळ्या लिंक निवडा आणि "ब्रेक लिंक". आता तक्ते आणि चार्ट दोन्ही गोठले. मग पीडीएफ करा आणि पेनड्राईव्हवर फक्त पीडीएफ न्या. त्यात फॉन्ट बदलत नाही आणि पान हलत नाही.

गुगल शीट्स आणि डॉक्स वापरणाऱ्यांचं काम थोडं सोपं आहे. डॉक्समध्ये तक्ता पेस्ट करताना तेच विचारतं, लिंक करायचं की नाही. लिंक केलं तर शीटमध्ये बदल झाल्यावर तक्त्यावर "अपडेट"चं बटण येतं. ते तुम्हाला दाबावं लागतं, आपोआप बदलत नाही. म्हणजे विसरायची सोय तिथंही आहेच.

पीडीएफ झाल्यावर मी आता एक जुन्या पद्धतीचं काम करतो. प्रिंट काढतो, लाल पेन घेतो आणि प्रकल्पाची एकूण रक्कम, स्वतःची रक्कम आणि कर्ज हे तीन आकडे फाईलमध्ये जिथं जिथं आलेत तिथं गोल करतो. ताईंच्या फाईलमध्ये कर्जाचा आकडा सात ठिकाणी होता. अर्जात, प्रस्तावनेत, तीन तक्त्यांत, कर्जफेडीच्या पानावर आणि शेवटच्या घोषणापत्रात. दुसऱ्या वेळी हे गोल त्यांनीच केले, मी नुसता बसून होतो. सहाव्या ठिकाणी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, इथं अजून जुनाच आहे की!"